शोषणकड आणि चिन्हाची चूक : प्रथिन-स्फटिकशास्त्रातील दोषशोधनाचा एक धागा

नागपूर विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या इतिहासात क्ष-किरण वर्णपटविद्येला मानाचे स्थान आहे. पॅरिसच्या इव्हेत कोश्वा ह्यांच्या परंपरेशी नाते सांगणाऱ्या प्रा. सी. मांडे ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे मूलद्रव्यांच्या शोषणकडांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याची साक्ष म्हणून १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या कोश्वा-गौरवग्रंथाकडे बोट दाखविता येते. क्ष-किरण वर्णपटविद्येतील प्रगतीचा आढावा घेणाऱ्या त्या ग्रंथाच्या दोघा संपादकांपैकी एक क्रिस्तियान बोनेल ह्या होत्या व दुसरे मांडे. प्रथिनांच्या स्फटिकांशी ह्या कामाचा वरकरणी काहीच संबंध दिसत नाही. धातू, त्यांची संयुगे, वक्र स्फटिकाचा वर्णपटलेखक आणि छायाचित्रपट्टीवरील एक अस्पष्ट उभी रेषा एवढाच त्याचा संसार होता. तथापि प्रथिन-स्फटिकशास्त्रात यंत्राचे व आज्ञावलीचे दोष कसे लपतात आणि कसे उघडकीस येतात, ह्याचा इतिहास तपासू लागले असता त्याच उभ्या रेषेपाशी पुनःपुन्हा यावे लागते. त्या धाग्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोषणकड म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. एखाद्या मूलद्रव्यावर पडणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा क्रमाने वाढवीत नेली, तर शोषण आधी हळूहळू कमी होत जाते. परंतु अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जाण्याइतकी ऊर्जा होताच ते एकाएकी वर उसळते. आलेखावर ही उसळी उभ्या कड्यासारखी दिसते. तिची जागा ही त्या मूलद्रव्याची ओळख होय. परंतु ही ओळख दगडावर कोरलेली नसते. अणू कोणत्या रासायनिक अवस्थेत आहे, त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत, त्याचे शेजारी कोण आहेत, ह्यांवर ती काही इलेक्ट्रॉन-व्होल्टांनी इकडेतिकडे सरकते. हे रासायनिक सरकणे हाच नागपूरच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता.

आता प्रथिनाकडे वळू. स्फटिकावर क्ष-किरणांची शलाका टाकली असता शोधकावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. प्रत्येक ठिपक्याला कारणीभूत झालेल्या लहरीला दोन गुण असतात : तिची तीव्रता, आणि इतर लहरींच्या मानाने ती किती पुढे वा मागे आहे हे सांगणारी तिची कला. यंत्र तीव्रता नोंदविते. कला नोंदवीत नाही. रचनेचा नकाशा काढावयाचा तर दोन्ही हव्यात, आणि गंमत अशी की नकाशाचे रूप तीव्रतेपेक्षा कलेवरच अधिक अवलंबून असते. १९५३-५४ च्या सुमारास केंब्रिजमध्ये माक्स पेरुट्झ ह्यांनी हीमोग्लोबिनच्या स्फटिकात पाऱ्यासारखे जड अणू बसवून कला काढण्याचा मार्ग दाखविला, आणि तेथून हे शास्त्र मार्गाला लागले. पण ह्या मार्गाचा एक परिणाम असा झाला की दोषशोधनाचे स्वरूपच बदलले. एखादी राशी मोजताना चूक झाली तर ती पुन्हा मोजता येते. जी राशी मोजलेलीच नाही, अनेक मापनांच्या वजाबाक्यांतून जी अनुमानाने आली आहे, ती चुकली हे कशावरून ओळखावे? प्रथिन-स्फटिकशास्त्रातील यंत्रांच्या व गणिताच्या तक्रारी इतर प्रयोगशाळांतील तक्रारींहून वेगळ्या आहेत त्या येथे. पंप बंद पडला, नळी जळाली, थंड वायूचा झोत थांबला, तर ते त्याच क्षणी कळते. चिन्ह उलटले तर कळत नाही.

चिन्हाचा हा प्रश्न शोषणकडेतूनच उद्भवतो. सामान्यतः स्फटिकातील एखाद्या प्रतलसमूहाचा ठिपका आणि त्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेचा ठिपका ह्यांची तीव्रता सारखी असते. ह्या नियमास फ्रीडेलचे नाव आहे. परंतु किरणांची ऊर्जा स्फटिकातील एखाद्या अणूच्या शोषणकडेजवळ आणली, तर तो अणू किरण परतविताना त्यांच्या कलेत आपल्याकडची थोडी भर घालतो आणि त्या जोडीतील समानता भंग पावते. ह्यालाच विसंगत प्रकीर्णन म्हणतात. १९५१ मध्ये हॉलंडमध्ये बायफूट, पेअरडेमन व व्हान बोमेल ह्यांनी सोडियम-रुबिडियम टार्टरेटचा स्फटिक घेतला, रुबिडियमच्या कडेजवळ पडणारे झिर्कोनियमचे किरण निवडले, आणि जोडीतील कोणता ठिपका गडद हे पाहून रेणू उजवा की डावा हे इतिहासात प्रथमच निश्चितपणे सांगितले. त्यापूर्वी रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर ह्यांनी ठरविलेला एक संकेत पाळीत होते. तो निव्वळ अंदाज होता, आणि सुदैवाने तो बरोबर निघाला. पुढे १९५६ साली मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व एस. रामन ह्यांनी ह्याच लहानशा फरकापासून अज्ञात कला काढण्याची पद्धत 'करंट सायन्स'मध्ये मांडली. भारतीय स्फटिकशास्त्राच्या इतिहासात ह्या लेखाकडे मिळायला हवे तेवढे लक्ष मिळालेले नाही. रामचंद्रन ह्यांच्या इतर कीर्तीने त्याला झाकून टाकले.

हा फरक किती लहान असतो? बहुधा शेकडा दोनचार. त्याचे आकारमान कळणे महत्त्वाचे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे आहे त्याचे चिन्ह. जोडीतील पहिला मोठा की दुसरा, एवढ्यावर रेणूचे डावे-उजवेपण ठरते. सगळी चिन्हे एकदम उलटली, तर आकड्यांच्या आपापसांतील मेळाला काहीही धक्का लागत नाही. ते तितकेच सुसंगत राहतात. फक्त सत्य आरशात जाते.

हाताने गणित करण्याच्या काळात दोष डोळ्यांना दिसत असत, असे म्हणावयास हरकत नाही. १९३०च्या दशकात बीव्हर्स व लिप्सन ह्यांनी बेरजांसाठी पुठ्ठ्याच्या छापील पट्ट्यांच्या पेट्या तयार केल्या होत्या. पट्टी चुकीच्या खाचेत परत गेली की पुढचे गणित चुके. पण बेरीज दुसऱ्याकडून पुन्हा करून घेण्याची रीत होती आणि चूक एका जागी सापडे. डोरथी हॉजकिन ह्यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले छायाचित्र १९३५ मध्ये घेतले व त्याची रचना १९६९ मध्ये हाती आली. ह्या चौतीस वर्षांच्या अखेरीस त्यांच्या चमूत एम. विजयन हे भारतीय होते. बंगळूरला परतून त्यांनी जी परंपरा उभी केली, तिच्यातून १९९४ मध्ये भुईमुगाच्या लेक्टिनची रचना बाहेर पडली. मधल्या काळात मोजणी यंत्राकडे आणि गणित संगणकाकडे गेले. वेग अनेक पटींनी वाढला, आणि त्याबरोबर चूक डोळ्यांआड गेली.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ह्या संक्रमणाचे केंद्र तुर्भे हे होय. तेथील सायरस अणुभट्टी १९६० साली कार्यान्वित झाल्यावर आर. चिदंबरम् ह्यांच्या गटाने न्यूट्रॉन-विवर्तनाने ॲमिनो आम्लांच्या रचना काढण्यास घेतल्या. थ्रिओनीनवरील काम १९७३ सालचे आहे. क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसत नाही, न्यूट्रॉनांना तो दिसतो. म्हणून ह्या मोजमापांतून हायड्रोजन-बंधांची लांबी व कोन नेमके हाती आले. प्रथिने एवढ्या मोठ्या आकाराची, तेथे ह्या विटा मोजण्यात काय हशील, अशी शंका त्या काळी कोणाच्या मनात आली असल्यास नवल नाही. पण दोषशोधनाच्या दृष्टीने विटेचे नेमके माप हाती असणे ही केवढी सोय आहे पाहा. स्फटिकापासून शोधकाचे अंतर आज्ञावलीस शेकडा एकने चुकीचे सांगितले गेले, तर घटक-पेटी शेकडा एकने मोठी वा लहान निघते. आकड्यांत कोठेही कुरकुर होत नाही. मात्र तयार झालेल्या रचनेतील कार्बन-कार्बन अंतरे सगळ्या दिशांनी सारखीच ताणलेली वा दबलेली आढळतात आणि लहान रेणूंवरून ठरविलेल्या मापांशी जुळत नाहीत. दोष यंत्राच्या खोलीत झाला, साक्षीदार बाहेरून आणावा लागला.

रामचंद्रन ह्यांचा सुप्रसिद्ध आलेखही अशाच बाहेरच्या साक्षीदारांपैकी आहे, आणि त्याचा जन्मही एका चुकीवरील वादातून झाला हे विसरता कामा नये. १९५४-५५ मध्ये त्यांनी व गोपीनाथ कार्था ह्यांनी कोलॅजेनची तिपेडी मांडणी सुचविली. त्या मांडणीत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, असा आक्षेप रिच व क्रिक ह्यांनी घेतला. फार जवळ म्हणजे किती जवळ, ह्याचे उत्तर शोधताना रामचंद्रन ह्यांनी ज्ञात स्फटिकांतील अंतरे गोळा केली आणि त्यातून १९६३ साली रामकृष्णन् व शशिशेखरन् ह्यांच्यासह प्रथिनाच्या कण्याला कोणती वळणे शक्य आहेत व कोणती नाहीत ह्याचा नकाशा प्रसिद्ध केला. आज कोणतीही प्रथिनरचना कोशात दाखल होताना ह्या नकाशावर तपासली जाते. निषिद्ध प्रदेशात बरेच ठिपके पडले, तर बांधणीत कोठेतरी चूक आहे असे समजावे. ह्याच्या जोडीस १९९२ मध्ये ब्रुंगर ह्यांची कसोटी आली : मोजलेल्या ठिपक्यांपैकी काही आरंभीच बाजूस ठेवावेत आणि रचनेने त्यांचे भाकीत कसे केले ते अखेरीस पाहावे. ह्या दोन कसोट्यांनंतर ढोबळ चुका सुटणार नाहीत, असा विश्वास पसरला.

तो विश्वास २००६ साली डळमळला. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेतील जेफ्री चँग ह्यांनी २००१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जीवाणूंच्या पेशीपटलातील एमएसबीए ह्या वाहक प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली होती. पाठोपाठ त्याच पद्धतीने काढलेल्या आणखी रचना आल्या. पटलातील प्रथिनांचे स्फटिक मिळविणे अतिशय अवघड, त्यामुळे ह्या कामाचा सर्वत्र गौरव झाला. २००६ च्या सप्टेंबरात झुरिचच्या डॉसन व लोखर ह्यांनी सजातीय प्रथिनाची, सॅव्ह१८६६ ची, रचना तीन अँगस्ट्रॉम विभेदनाने प्रसिद्ध केली. ती चँग ह्यांच्या रचनेशी मुळीच जुळेना. चँग ह्यांनी शोध घेतला तेव्हा मूळ हाती लागले. ठिपक्यांच्या जोड्यांची नोंद एका स्वरूपातून दुसऱ्यात करण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत एक घरगुती आज्ञावली वापरली जात असे. प्रचलित संचांत तिचा समावेश नव्हता. तिने जोडीतील दोन स्तंभांची अदलाबदल केली होती, आणि म्हणून विसंगत फरकाचे चिन्ह उलटले होते. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी पाच लेख मागे घेतले; त्यांपैकी तीन 'सायन्स'मधील होते. चूक सापडताच ती जाहीरपणे कबूल करून मागे घेणे हे त्यांच्या बाजूस लिहिले पाहिजे.

पण रामचंद्रन-नकाशाने ही चूक का पकडली नाही? ह्याचे उत्तर शिकण्यासारखे आहे. पहिल्या रचनेचे विभेदन साडेचार अँगस्ट्रॉम होते. एवढ्या मंद नकाशात मळसूत्र दांडक्यासारखे दिसते. ते उजव्या पिळाचे आहे की डाव्या, हे दिसत नाही. प्रथिनातील मळसूत्रे उजवी असतात हे ठाऊक असल्याने आरशातल्या दांडक्यांत उजवी मळसूत्रे बसविली गेली. शिवाय कोशात केवळ आल्फा-कार्बनांची स्थाने दिलेली होती. कण्याचे कोन काढावयास लागणारे इतर अणू नव्हतेच. साक्षीदार उपस्थित होता, त्याला विचारण्याजोगा प्रश्नच शिल्लक ठेवलेला नव्हता. दुसरे साक्षीदार मात्र बोलत होते. ह्या प्रथिनांवर रासायनिक प्रयोग करणाऱ्या काही गटांना आपले निष्कर्ष त्या रचनेत बसवता येत नव्हते. स्फटिकाचे चित्र स्पष्ट आणि रसायनाचा पुरावा अप्रत्यक्ष, म्हणून वजन चित्राच्या पारड्यात पडले.

ह्याच्या दोनच वर्षे आधी हैदराबादच्या सीडीएफडी ह्या संस्थेत नेमका उलट प्रकार घडला होता, आणि त्याचा संबंध नागपूरशी आहे. शेखर मांडे ह्यांनी १९८४ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली व १९९१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून डॉक्टरेट मिळविली. परदेशात विम होल ह्यांच्यासमवेत काम करताना त्यांनी कुष्ठरोगाच्या जीवाणूतील चॅपेरोनिन-१० ह्या प्रथिनाची रचना काढली. ती १९९६ साली 'सायन्स'मध्ये आली. ज्या विदर्भात मनोहरजी दिवाण ह्यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे व बाबा आमटे ह्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन येथे कुष्ठसेवेचे काम उभे केले, तेथील वाचकास हा तपशील कोरडा वाटू नये. कुष्ठाचा जीवाणू कृत्रिम माध्यमात वाढत नाही. त्याचे प्रथिन हवे तर त्याचा जनुक दुसऱ्या जीवाणूत घालूनच मिळवावे लागते.

हैदराबाद येथे मांडे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्षयाच्या जीवाणूतील चॅपेरोनिन-६०.२ घेतले. ई. कोलाय ह्या जीवाणूतील त्याच्या भावंडाची रचना १९९४ पासून ज्ञात होती : चौदा एकके, सातसातांची दोन कडी. क्षयाच्या प्रथिनात हीच कडी मिळणार अशी सर्वांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. स्फटिकात मिळाली ती दोन-दोन एककांची जोडी. अशा वेळी संशोधकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच दोषशोधनाचा गाभा होय : दोष स्फटिकाचा, गणिताचा, की अपेक्षेचा? स्फटिकात घट्ट बसताना किंवा तो वाढविण्याच्या द्रावणात मोठे समूह फुटू शकतात, हे सर्वश्रुत आहे. ह्या गटाने स्फटिकाच्या बाहेर जाऊन द्रावणातील प्रथिनाची तपासणी केली. तेथेही ते लहान समूहांतच आढळले, आणि तरीही इतर प्रथिनांना गोळा होण्यापासून आवरण्याचे काम करीत होते. द्रावणातील निरीक्षणे व स्फटिकातील रचना असे दोन्ही लेख २००४ सालीच प्रसिद्ध झाले. अपेक्षेशी न जुळणारे चित्र त्यांनी नुसत्या आकड्यांच्या बळावर पुढे केले नाही, ह्याला महत्त्व आहे.

चिन्हाच्या चुकीला परत येऊ. ती केवळ आज्ञावलीतच होते असे नाही. शोधकावरील चित्र संगणक ज्या क्रमाने वाचतो, तो क्रम स्फटिकाच्या फिरण्याच्या अक्षाच्या दिशेने उलटा झाला, तर सर्व ठिपक्यांना निर्देशांक बिनबोभाट मिळतात, सममिती टिकते, बेरजा जुळतात, आणि फक्त डावे-उजवेपण बदलते. ह्या दोषाची तुलना शलाकेच्या केंद्राच्या चुकीशी करून पाहावी. केंद्र एका ठिपक्याच्या अंतराने हलले तर निर्देशांक एकाने सरकतात; पण स्फटिकाची सममिती उंच असेल तर समान असावयाचे ठिपके असमान निघतात व घोटाळा उघड होतो. सममिती कमी असेल तरच तो दडून बसतो. बर्फाच्या वलयांचे तर सोपेच आहे : ३.९०, ३.६७ व ३.४४ अँगस्ट्रॉमला ती नेमाने उमटतात आणि नवशिक्यालाही दिसतात. नागपूरच्या वैशाखात द्रव नायट्रोजनच्या भांड्यापासून यंत्रापर्यंत स्फटिक नेण्यास लागणारे चारदोन सेकंद कमी करणे एवढाच त्यावर उपाय.

चित्र उलटे वाचले गेले आहे काय, हे तपासण्याचा मार्ग मात्र स्वस्त आहे. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम हे प्रथिन साध्या मिठाच्या द्रावणात एका रात्रीत स्फटिकरूप होते. त्याची रचना ज्ञात आहे, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत गंधकाचे दहा अणू आहेत. तांब्याच्या किरणांत गंधकाचे विसंगत प्रकीर्णन जेमतेम अर्ध्या इलेक्ट्रॉनाएवढे असते. तरी पुरेशी मोजणी केल्यास विसंगत फरकाच्या नकाशात त्या दहा जागी उंचवटे दिसले पाहिजेत. उंचवट्यांऐवजी खड्डे दिसले, तर शोधकापासून अखेरच्या आज्ञावलीपर्यंत कोठेतरी चिन्ह उलटले आहे. चँग ह्यांच्या प्रयोगशाळेतील त्या घरगुती आज्ञावलीतून लायसोझाइमची मोजणी एकदा गेली असती, तर पहिल्याच दिवशी खड्डे दिसले असते. अर्थात घटना घडून गेल्यावर असे म्हणणे सोपे असते.

आज नागपूरकर संशोधकास शोषणकडेजवळ मोजणी करावयाची तर परदेशी जाण्याची गरज नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ ह्या सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी प्रथिन-स्फटिकांसाठी पीएक्स-बीएल२१ ही किरणशलाका उभारली. तिचे सविस्तर वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. दीड टेस्ला शक्तीच्या वळण-चुंबकातून निघणारे किरण पाच ते वीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या मर्यादेत हवे तसे निवडता येतात. सेलेनियमची कड १२,६५८ च्या आसपास पडते, म्हणून प्रथिनातील गंधकाच्या जागी सेलेनियम घातलेले स्फटिक येथे वापरता येतात. परंतु कोष्टकातील आकडा शुद्ध मूलद्रव्याचा असतो. प्रथिनातील सेलेनियम हवेने भस्मीभूत होऊ लागले, की त्याची कड काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर सरकते. आणि कोष्टकावर विसंबून ऊर्जा लावली, तर संकेत हातचा जातो. यंत्र निर्दोष असते, आज्ञावली निर्दोष असते, फरक मात्र सापडत नाही. म्हणून मोजणीपूर्वी धातूच्या पातळ पत्र्यावर ऊर्जेची मोजपट्टी तपासावी लागते आणि नंतर प्रत्यक्ष त्याच स्फटिकाची प्रतिदीप्ती मोजून त्याची कड नव्याने काढावी लागते. पडद्यावर काही मिनिटांत उमटणारी ती वक्ररेषा आणि नागपूरच्या वर्णपटलेखकात तासन् तास किरण दिल्यावर छायाचित्रपट्टीवर येणारी ती अस्पष्ट रेषा, ह्या दोन्ही एकाच भौतिक घटनेच्या नोंदी होत.